नर्सबाईंचं अर्धं वाक्य

१४ मार्च

दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? फार वाकू नको म्हणावं. दुकानात नवा माल लावायचं काम चाललंय म्हणून पत्राला उशीर झाला, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. मी मुद्दामच लिहीत नव्हते. तुझे फोनही मुद्दामच घेतले नाहीत.

बाबा गेल्यावर तू म्हणालास, शेवटी त्यांचा माझ्यावर राग राहिला नव्हता. मला ते पटेना. त्यांचं दुकान सोडून मी समोरच्याच दुकानात नोकरी धरली, तेव्हापासून ज्यांनी माझं नाव टाकलं, ते असे एकाएकी विरघळले? आणि नेमके मी नसताना? तू मला कळवलंसही उशिरा. ते झाकायला ही साखरपेरणी, असं मी धरून चालले.

त्यात तुझ्या जिन्यात बाबांच्या नर्सबाई भेटल्या. बॅग घेऊन निघाल्या होत्या. त्यांना आपली भाषा येत नाही आणि माझं इंग्रजी शाळेपुरतं. माझा हात धरून म्हणाल्या, "ही मेड इट अप." पुढेही काही म्हणाल्या, पण खाली त्यांचा गाडीवाला हॉर्न बडवत होता. मला तेवढं पुरलं. मेकअप म्हणजे तोंडाला फासायचा, आणि मेड अप म्हणजे रचलेलं, मनचं. "ही" म्हणजे तू. परक्या बाईलाही कळलं, इथे पाणी मुरतंय! मी तशीच निघून गेले.

गेल्या आठवड्यात आमचा गोदामवाला आणि ड्रायव्हर यांचं कडाक्याचं वाजलं. दुसऱ्या दिवशी मालक गोदामवाल्याबद्दल म्हणाले, "ही मेड इट अप विथ द ड्रायव्हर." मी हिशेबनीस बाईंना हळूच विचारलं, दोघांनी मिळून थाप मारली की काय? त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "अगं, या क्रियापदांचं शेपूट बघायचं. शेपूट बदललं की जनावर बदलतं. मागे 'विथ' लागलं की थाप नाही, समेट. 'टू' लागलं तर भरपाई." मग ते "इट" मधेच का घुसतं, विचारलं. त्या म्हणाल्या, बसलंय तिथे बसू दे त्याला.

मला मात्र हसू येईना. हॉर्नखाली काय बुडालं होतं?

नर्सबाईंना फोन लावला. तू त्यांना पढवून ठेवलं असशील, हाही संशय होताच. म्हणून हिशेबनीस बाईंनाच बोलायला लावलं. नर्सबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, ही मेड इट अप विथ यू." मी तर तिथे नव्हते, मग माझ्याशी समेट कसा?

तेव्हा त्यांनी सांगितलं. वहिनी उशी बदलत होती. बाबांनी तिचं मनगट धरलं आणि हाक मारली. फोनवर नर्सबाईंनी ती हाक त्यांच्या वाकड्या उच्चारात म्हणून दाखवली: "चिमे." बाबांशिवाय मला तसं कुणीच म्हणत नव्हतं. तूही नाही. वहिनीनं तुझ्याकडे पाहिलं, तू मान डोलावलीस, आणि ती मी होऊन त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलत बसली. नंतर ते शांत झोपले. वहिनी कोण झाली होती, एवढं तू त्यांना नंतर इंग्रजीत सांगितलंस; काय बोलणं झालं, ते नर्सबाईंना कळलं नाही.

दादा, हे तू का लपवलंस? माझ्या जागी ती बसली, हे मला लागेल म्हणून? लागलं. पण तू खोटा, यापेक्षा कमी लागलं.

रविवारी येते. वहिनीनं माझ्या नावानं त्यांना काय सांगितलं, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. तू बाहेर थांब. मी तिथे असते तर बहुतेक वाद घातला असता, नाहीतर गप्प बसले असते. तिला आधीच सांगून ठेव, ती जे काही बोलली असेल ते माझंच बोलणं समजावं.

तिच्या तोंडून बाबांशी बोललेली,
तुझी बहीण