बशीतला हुरडा

शनिवार, ४ जानेवारी १९६४. शिरूर.

आज ऑफिसात घडले ते असे:

१. ओव्हरसियर परुळेकर यांच्या बदलीची ऑर्डर आली. महिनाअखेर कोकणात परत.
२. हेडक्लार्क हौसराव मोठ्याने म्हणाले, सुटलात.
३. परुळेकर म्हणाले, इतके दिवस इथे काढले, पण तुमचा तो हुरडा खायचा राहूनच गेला.
४. हे म्हणताना ते माझ्या टेबलाकडे पाहत होते.
५. माझ्या टेबलामागे खिडकी आहे.
६. मी म्हणाले, व्यवस्था करता येईल.

निरोपाचा कार्यक्रम ही ऑफिसची जबाबदारी असते. ऑफिसात जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून मी घेतली. मी पाटबंधारे खात्यातली ट्रेसर आहे, नकाशे गिरवते. रेघ हलत नाही. दुसरे कारण नाही. जाण्याआधी परुळेकरांना कोणाशी काही बोलायचे असेल, तर निवांत जागा मिळावी, एवढेच. त्यांना काही बोलायचे असेल असे मला वाटत नाही.

रविवार, ५ जानेवारी.

जागा पाहून आले. दौंडला भीमेकाठी रेल्वेच्या एका गार्डसाहेबाचा बंगला आहे. साहेब विलायतेला गेला. बंगला सुट्टीसाठी भाड्याने मिळतो. अंगणात त्याने मटण भाजायला बांधलेली विटांची भट्टी, वर लोखंडी जाळी. जमिनीत आगटीचा खड्डा खणून, शेण्या पेटवून, भोवती उकिडवे बसण्यापेक्षा हे कितीतरी शास्त्रशुद्ध. धूर वर जातो आणि माणसे खुर्चीत बसतात.

राखणदार पाशाभाई म्हणाले, ताई, ह्या जाळीवर बकरं भाजत्यात, दाणा न्हाई. उष्णता ही उष्णताच असते, हे त्यांना समजावले. ते व्हय म्हणाले. माणूस समजूतदार.

मंगळवार, ७ जानेवारी.

भट्टीचा नकाशा पूर्ण केला. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन. हौसराव मागून डोकावले. म्हणाले, बाई, हे कुठलं धरण मंजूर झालं? पुढे म्हणाले, दाराशी घोडनदी वाहती आन् आंघोळीला भीमेवर. इथं चारी बाजूंनी ज्वारी असताना हुरड्याला दौंड कशाला? शेतात कुसळे टोचतात, हे त्यांना सांगितले नाही. गैरलागू प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

परुळेकरांनी नकाशा बराच वेळ पाहिला. लेटरिंग फार सुंदर आहे, म्हणाले. आहेच. हा तांत्रिक अभिप्राय आहे.

नकाशा फाइलला लावला नाही. ट्रंकेत ठेवला. फाइलला धूळ बसते.

गुरुवार, ९ जानेवारी.

वाढण्याची पद्धत ठरवली. लहानपणी निमोण्याला मच्छिंद्रमामांच्या शेतात पाहिले आहे. भाजलेले कणीस तळहातावर चोळायचे, फुंकर मारायची आणि गरम दाणे तसेच दुसऱ्याच्या तळहातावर ओतायचे. म्हणजे एकाची फुंकर दुसऱ्याच्या तोंडात. शिवाय हाताला हात लागतो. ऑफिसच्या कार्यक्रमात हे बरे दिसणार नाही. आधी सगळा हुरडा भाजून घ्यायचा, मग बश्यांतून सर्वांना एकदम द्यायचा. बश्या आणल्या. निळ्या काठाच्या.

स्टोव्हवर एक कणीस भाजून पाहिले. प्रयोग यशस्वी. कणसाचा कोळसा झाला, पण तो स्टोव्हचा दोष.

शनिवार, ११ जानेवारी.

उद्या दौंडला निळे पातळ. बश्यांच्या काठाशी जुळते म्हणून नव्हे. निळ्यावर काजळी दिसत नाही.

संकल्प: परुळेकर काही बोलू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकणे.

रविवार, १२ जानेवारी. दौंडहून परत आल्यावर.

मामा कणसांचे पोते घेऊन आले होते. कणसे कोवळी. मी ती नकाशाप्रमाणे जाळीवर मांडली. वरून काळी झाली, आतून हिरवी राहिली. उलटली की दाणे सुटून जाळीतून विस्तवात पडत. उरले ते बश्यांत भरून झाकून ठेवले. सर्वांचे भरेपर्यंत पहिल्या बशीतले गार झाले. हौसरावांनी घासभर तोंडात टाकले, गालावर हात ठेवला आणि विचारले, बाई, ही कुठल्या मापाची खडी?

मग परुळेकर उठले. पाशाभाईंची कुदळ मागून घेतली. म्हणाले, सरकार मला खड्डे खणायचाच पगार देतं. पाशाभाईंनी घरून शेण्या आणल्या. मामा कडेला बसून म्हणाले, सायेब, आगटी खणताय का पाया काढताय? बास करा, म्हस बसंल त्यात. सगळे हसले. सगळे तिकडेच गेले. खुर्च्या इकडे राहिल्या.

मी भट्टी सोडली नाही. कोणीतरी थांबायला हवे होते.

काही वेळाने परुळेकर माझ्याकडे आले. एका तळहातावर गरम हुरडा, वाऱ्याने गार होऊ नये म्हणून दुसरा हात वर धरलेला. कपाळाला राख. म्हणाले, मी चोळलेला हा पहिलाच. हात पुढे करा.

मी म्हणाले, बशीत ठेवा.

ते म्हणाले, बशीत गार होतो.

मी म्हणाले, चालेल.

त्यांनी बशीत ठेवला. मामा आगटीपासून माझ्या नावाने ओरडले, अगं म्हाळसे!

येताना एस.टी.त परुळेकर पुढे बसले. हौसरावांशेजारी.

निष्कर्ष: कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. एकही बशी फुटली नाही. परुळेकरांना काही बोलायचे नव्हते, हा माझा अंदाज बरोबर ठरला.

सोमवार, १३ जानेवारी.

काल माझे दोन्ही हात कामात होते.

दुरुस्ती: एका हातात चिमटा होता. दुसऱ्यात काही नव्हते.

बुधवार, १५ जानेवारी.

काल संक्रांत झाली. आज परुळेकरांनी ऑफिसात तिळगूळ वाटला. हौसरावांच्या हातावर दिला. शिपाई म्हस्कूच्या हातावर दिला. माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली होती. हातही थोडा पुढे होता. त्यांनी तो पाहिला नाही. ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा उचलला, नीट चौकोनी दुमडला आणि वडी त्यावर ठेवली. म्हणाले, बशी मिळाली नाही.

थट्टा असती तर उत्तर देता आले असते. थट्टा नव्हती. मला असेच आवडते, असे त्यांना खरोखर वाटते.

वडी खाल्ली. कागद ट्रंकेत.

चिठ्ठी लिहिली. आधीच्या दोन लांब झाल्या आणि त्यांत कारणे फार होती. ही उद्या त्यांच्या टेबलावर ठेवायची. नाही, हातात द्यायची.

"श्री. परुळेकर यांस,

रविवारी, १९ तारखेला, निमोण्याला आमच्या मामांच्या शेतात आगटी आहे. उशिरा पेरलेला एक तुकडा अजून कोवळा आहे. खड्डा तुम्ही खणावा, असे मामांचे म्हणणे आहे. मी बश्या आणणार नाही.

तुम्ही येणार की नाही, ते शनिवार, १८ तारखेपर्यंत मला कळवावे."