वरोरच्या चकतीचा मालक

२६ ऑक्टो. ९८
दिवाळी संपली. वरोरच्या मच्छीमार सोसायटीत नवं मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, बसलं. आधीची दोन्ही खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली. या वेळी चेअरमनना सरळ सांगितलं, बर्फाच्या खोलीला लागून ठेवणार असाल तर मी येणार नाही, माझा डहाणूतला कॉम्प्युटर क्लास मला पुरे आहे. मुकाट्यानं वरची खोली दिली. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून विंडोजऐवजी लिनक्स चढवलं, पहिल्याच झटक्यात. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या स्टेशनच्या बुकिंग खिडकीवर पण येऊन बस." बसले असते. खिडकीच सुधारली असती.

काम कशासाठी ते लिहून ठेवते, पुढं डोक्यात सरमिसळ होते. गेल्या साली दामूकाका बोट घेऊन गेले ते आलेच नाहीत. गाव दक्षिणेला शोधत राहिलं, बोटीच्या फळ्या मिळाल्या उत्तरेला. आपली माशाची जागा कुठला तांडेल, होडीचा म्होरक्या, सांगतो? बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. निघालेल्याला कुठं म्हणून विचारायचंही नसतं. तर आता ज्यानं त्यानं आपली जागा मशिनमध्ये टाकायची, ज्याची त्यालाच उघडेल अशी. होडी परतली नाही तरच दुसऱ्यानं उघडायची. कल्पना माझी. मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही, म्हणजे पटली.

३ नोव्हें.
तांडेल एकेक करून येताहेत. शाळेत जाणारं आपलं पोर बरोबर, ते टाइप करतं, मी जिन्यात बसते. दोन खुणा नि पाण्याची खोली, एवढंच लिहायचं. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका अमक्या झाडाच्या डोक्यावर आला की पहिली रेघ, पाण्याची टाकी देवळाच्या मागं गेली की दुसरी. दोन रेघा जिथं कापतात तिथं खडक, खडकावर मासा. बाबू तांडेलानं जाताना दार ओढून, परत उघडून, परत ओढून बघितलं. म्हटलं, "बाबूदादा, ती खोली आहे, कुलूप मशिनमध्ये आहे."
आबा, माझेच वडील, आले नाहीत. वाट बघत नाहीये. सांगून ठेवते.

१४ नोव्हें.
वरोरला माहेरी गेले होते. आबा जाळं विणत ओट्यावर. आई गेल्यापासून ओट्यावरच असतात, नाहीतर पाण्यात. सत्तरीला आले, होडी लहान, तरी एकटे जातात. म्हटलं, तुमची राहिली. "कोणती?" घोळ माशाची, सगळ्यांत महाग तो. हसले. "घोळीची जागा मी बापाकडून घेतली ती बाप मरायला टेकला तेव्हा." म्हटलं, मी पण तेवढं थांबू का? सुई परत जाळ्यात घातली. येताना बोंबील बांधून दिले.
राग आलाय. जगाच्या तांडेलांची सोय करते नि माझाच बाप.

२३ नोव्हें.
फ्लॉप्यांना बुरशी आली. ठरवलं, सगळं सीडीवर. एकदा लिहिलं की कुणाला खोडता येत नाही, हे तांडेलांना फारच आवडलं. बाबूदादा त्याला चकती म्हणतो, आता सगळे चकतीच म्हणतात. सीडी लिहायचा राइटर इथं कुणाकडे नाही. चेअरमनच्या टेम्पोनं वापी. दुकानदार: "बेन, आमां शुं छे?" म्हटलं, शाळेच्या सहलीची माहिती. वाचून त्याला काय कळणार, त्याची महालक्ष्मी कॅलेंडरवरची. परतताना चारोटीला चहा-भजी. चकती पूर्ण रस्ता माझ्या मांडीवर.

२५ नोव्हें.
भानगड. चकती माउंट केली, म्हणजे मशिनला जोडून घेतली. बाबूदादानं आपल्या नावानं आत जाऊन बघितलं तर सगळ्यांच्या फायली सताड उघड्या. मशिनवर ज्याची त्याची मालकी मी चोख लावली होती. वापीवाल्याकडे फ्लॉपीवरून गेलं, त्याच्या विंडोजला आपल्या मालक्यांशी काय देणंघेणं, सगळं गळून गेलं. बाबूदादाला मॉनिटरपुढून दंडाला धरून उठवलं. शपथेवर सांगतो, सदू तांडेलाच्या फाईलचं नावच वाचलं, आत बघितलं नाही. खरं असावं. घामानं भिजला होता.

चेअरमन: "मग बदलून टाक ना परवानग्या." बदलत नाहीत. चकतीवर काही बदलत नाही, त्यासाठीच तर केली. पण मार्ग आहे, नि तो मला माहीत आहे: चकती जोडतानाच मशिनला सांगायचं, हिचा मालक अमुक, वाचायची परवानगी फक्त त्याला. चकतीला हात न लावता दार बंद. दहा मिनिटांत करून दाखवलं. खोच एकच. असं केलं की अख्ख्या चकतीला एकच मालक, प्रत्येकाला वेगळा मिळत नाही. ह्यांनी विचारलं, सगळ्यांचं एक गाठोडं बांधून लिहून घेता आलं नसतं? आलं असतं, आत मालक्या टिकल्या असत्या. पण होडी बेपत्ता असताना मी गावात नसले तर गाठोडं कोण सोडणार.

२९ नोव्हें.
मीटिंग. मालक कोण. चेअरमन खुर्चीत पुढं सरकले. सदूकाका म्हणाला, चेअरमनच्या दोन बोटी आहेत, आमच्या जागेवर तिसरी लागेल. चेअरमन म्हणाले, मग सदूला द्या नि उद्या सगळी घोळ त्याच्या टोपलीत बघा. दोघं उभे राहिले. मी टेबलावर हात आपटला. मग मागून आबा, कधी आले होते कुणास ठाऊक: "ज्याच्याकडे होडी नाय त्याला द्या."
सगळ्यांनी हिराकाकीकडे बघितलं. दामूकाकांची बायको, बोट गेली तेव्हापासून डहाणूच्या बाजारात मासे विकते. ती म्हणाली, "मला अक्षर येत नाय म्हणून देताव काय?" चेअरमन कागद सरळ करायला लागले. मग म्हणाली, "द्या. माझ्या माणसाला शोधायला कुणाकडं काय नव्हतं."

६ डिसें.
हि.काकीला पासवर्ड शिकवला. अक्षरं नकोत, बटणांच्या जागा पाठ केल्या तिनं, वरून खाली, मग आडवं. मला बघू दिलं नाही, पदर आडवा धरला. शाबास. ती उघडणार, वाचणार दुसरा कुणीतरी. चकती तिच्या नावावर. सगळे खूश. मी पण, का नसावं, व्यवस्था झकास झाली आहे.

२० डिसें.
आबांनी झकास व्यवस्थेला भोक पाडलं. ओट्यावर बसून, जाळ्यावरून नजर न काढता: "मालक हिरा. मालकाच्या वर कोण?"
कुणी सांगितलं यांना. म्हटलं, वर रूट असतं. रूटला सगळं उघडतं. "म्हणजे कोण?" मी. "तू बघितलंस?" नाही. "बघू शकतेस?" हो. खोटं का बोलू. "मग चकती तुझी," म्हणाले.
म्हटलं, आबा, मी तुमची मुलगी आहे. "म्हणून तर," म्हणाले. "उद्या तुझ्या नवऱ्याचा साहेब मासा मागंल, दीर बोट घेईल, तू कुणाकुणाला नाय म्हणशील?" दिराला बोट घ्यायची आहे हे खरं आहे. पिशवी उचलली नि निघाले. रिक्षात रडले, आधी रागानं, मग नुसतंच.

९ फेब्रु. ९९
आबा सकाळच्या भरतीला यायला हवे होते. आले नाहीत. दुपारी बाबूदादाचा निरोप क्लासवर. पोरांना तसंच सोडून गेले.

१० फेब्रु.
कालचं आज लिहिते.

मी पोचले तर हि.काकी आधीच वरच्या खोलीत, पदर आडवा धरून बटणं दाबत. म्हटलं, काकी, आबांची जागा नाही आहे आत. "ठावं हाय. पण माझं काम मी केलं." यादी आली. सगळ्यांची नावं, आबांचं नाही. ती नावं मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. हा माणूस स्वतः म्हणाला होता, ज्याच्याकडे होडी नाही त्याला द्या, नि स्वतःची जागा दिली नाही.

खाली किनाऱ्यावर तांडेल जमलेले. चेअरमन म्हणाले, दक्षिणेला जाऊ. बाबूदादा म्हणाला, "दक्षिणेला नाय. काल मी तिथं होतो." कुठं? तो थांबला. मग सांगितलं. दोन्ही खुणा, खोली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.  मग सदूकाका: "मी त्याच्या वरच्या अंगाला," नि त्याच्याही दोन्ही खुणा. मग पुढचा. चेअरमननीसुद्धा, दोन्ही बोटींच्या, शेवटी. तीन महिने मी ज्यावर कुलपं घालत होते ते सगळं वाळूत काठीनं ओढून झालं. 
सगळं ओढल्यावर एकच पट्टा कोरा राहिला, आबांची जागा उरली तर तिथंच: वर, पार तलासरीकडे, झाईच्या समोर. सदूकाका म्हणाला, "एवढ्या लांब? त्या होडीनं?" हि.काकी म्हणाली, "माझ्याच्या बोटीच्या फळ्या पण तिकडंच मिळाल्या." चार बोटी लगेच निघाल्या.

आज सकाळी ओढून आणली होडी. इंजिन बंद पडलेलं, शीड फाटलेलं. आबा थंडीनं काकडलेले, शुद्धीवर. पहिलं वाक्य काय, तर "कसा सापडलो?" सांगितलं. वाळूतल्या रेघांकडे बघितलं. रात्रीच्या भरतीनं अर्ध्या पुसल्या होत्या.

१८ फेब्रु.
आबा इथं आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. खोकला आहे. गाड्या मोजतात, मेल कुठली, मालगाडी कुठली, ह्यांच्याशी पैज लावतात नि जिंकतात. जागेबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही. मला जमतं न बोलायला, कुणाचा विश्वास बसणार नाही.

२ मार्च
होळीला वरोर. बाबूदादा म्हणाला, वाळूत ओढलेलं कुणी वापरलं नाही अजून, त्या दिवसापासून जो तो आपल्याच जागेवर जातो. बघू किती टिकतं. माझ्या मते टिकेल.
हे म्हणाले, मग चकती कशाला आता? सदूकाकानंच उत्तर दिलं, दर वेळी सगळे किनाऱ्यावर असतीलच असं नाही. नवी करायची आहे. राइटर वापीचाच, पण या वेळी लिनक्सवरून, मी स्वतः बसून, ज्याची त्याची मालकी चकतीवरच कोरून घेईन, होडी आली नाही तर उघडायचा हक्क हि.काकीचाच. चूक एकदाच करते मी.

११ मार्च
आबा वरच्या खोलीत आले. जिना चढताना दोनदा थांबले. पोर बरोबर नाही. म्हटलं, शेजारचं बोलावते टाइप करायला. "तूच लिही. दार लाव."
मशिन सुरू केलं, त्यांच्या नावानं फाईल उघडली.  त्यांनी डोळे मिटले नि पहिली खूण सांगितली. सुळका कशावर येतो ते. लिहिलं. खोली सांगितली, वावात, पसरल्या हातांच्या मापात. लिहिलं. मग डोळे उघडले.
म्हटलं, दुसरी?
"दुसरी हिराला."
समजायला जरा वेळ लागला. एका रेघेवर कितीही फिरा, खडक सापडत नाही. रूटला अर्धं, मालकाला अर्धं. एवढी वर्षं मशिन शिकवते, हे मला सुचलं नव्हतं. म्हटलं, आबा, पण दोघींनी एकमेकींना सांगितलं तर? "मी आलो नाय तर सांगा," म्हणाले. काठी घेतली नि उतरले.

१९ मार्च
नवी चकती आली, माउंट केली, मालक्या चोख. आबा पहाटे गेले, त्याच होडीनं, नवं शीड. मी नि ह्यांनी अडवून बघितलं, ऐकतात कुणाचं.

बाजारात हि.काकीच्या टोपलीशी बसले. सुरमई घेतली, घासाघीस केली. मग शेवटी विचारलंच, काकी, दुसरी खूण दिली का तुला आबांनी?
तिनं मासा पानात गुंडाळला. "तुला कशाला सांगू?"