चक्कर आणि अंधारी

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या संशोधनाला निधी देणाऱ्या मॅडमनी आज सकाळी विचारलं, "प्रश्न बायकांच्या बोलीत तपासून घेतले होते ना?" मी हो म्हणाले. निधी थांबेल म्हणून? की शेजारी बसलेल्या आमच्या प्रमुख सरांसमोर फक्त लाज वाटली म्हणून?

वैजापूरकडं कापूस वेचणाऱ्या बायकांना मी 'चक्कर येते का?' असं विचारत गेले. त्या 'नाय' म्हणाल्या की मी 'नाही'वर खूण करायचे. शेवटच्या दिवशी एक मावशी हसली, "चक्कर दारुड्याला येती, बाई. आम्हाला अंधारी येती. रोजचीच हाय." अंधारी. आमच्या घरातलाच शब्द, आणि मला सुचला नाही.

आता याच उत्तरांच्या अहवालावरून तिथल्या बायकांची रक्ततपासणी चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरणार. माझ्या खुणा सांगतात, कुणाला त्रास नाही.

अक्षरं मला आईनं शिकवली. चुकलं तर खोडरबर द्यायची नाही. "एकच रेघ मार, खालचं दिसू दे."

मॅडमना मेल लिहायला बसले. 'गैरसमज' लिहिलं, पुसलं. 'अनवधानानं' लिहिलं, पुसलं. तिथं पुसलेलं दिसतच नाही. शेवटी पहिल्या ओळीत 'सकाळी मी खोटं बोलले' लिहिलं, खाली मावशीचं वाक्य, आणि पाठवून दिलं.