कुंडावरची उपडी फरशी

गुरुजी, तुमच्या नावाची फरशी मी उपडी घातली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की हे तुम्हाला सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच सांगते. आपल्या गरम पाण्याच्या कुंडांची डागडुजी निघाली तेव्हा गवंड्याने विचारलं, "ताई, ही मास्तरांची फरशी कुठं बसवू?" मी म्हटलं, बायकांच्या कुंडात, खालच्या पायरीवर, अक्षरं खाली करून. तिची पाठ छान खरखरीत आहे. हातखंब्याकडून गाड्या भरभरून येणाऱ्या बायका आता गुडघाभर पाण्यात बसतात आणि तिच्यावर टाचा घासतात. हे लिहिताना मला फार बरं वाटतंय.

गावाचा इतिहास तुमच्यासारखा कुणी शिकवला नाही, हे मान्य. वर्ग सोडून तुम्ही आम्हाला कुंडाच्या काठावर बसवायचात. बंदरावरून मीठ आणि सुकी मासळी लादून घाटावर निघालेले बैलांचे तांडे इथे थांबायचे, माणसं पाय शेकायची, बैलांच्या सोललेल्या खांद्यांवर ऊन पाणी ओतायची. मग देऊळ आलं, धर्मशाळा आली, मग मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आपापले दुखरे गुडघे घेऊन आले. तुम्ही बोलायला लागलात की वाफेतून घुंगुरमाळा ऐकू यायच्या. त्या सगळ्या इतिहासात बाई मात्र एकही नव्हती. सातवीतल्या मला ते खटकलं नाही, कारण तुमच्यावर माझी भक्ती होती.

त्या पावसाळ्यात दरड आली आणि बायकांचं कुंड चिखलाने भरून गेलं. आमच्या घरी काकी बाळंत झालेली. बाराव्या दिवशी बाळंतिणीला त्या पाण्याने न्हाऊ घालायचं, ही आपल्याकडची रीत. पुरुषमंडळी म्हणाली, पाऊस उघडू दे, तालुक्याचा साहेब येऊन बघू दे. आईने पदर खोचला, घमेलं उचललं आणि आळीतल्या बायका तिच्या मागून निघाल्या. मला अजून दिसतंय: बायका शेजारच्या पऱ्याचं, ओढ्याचं, गार पाणी फडक्यावर ओतून हाताला गुंडाळतायत, कढत चिखलात हात घालतायत, झऱ्याच्या तोंडातला एकेक चिरा उपसून काढतायत. आई सगळ्यांत पुढे. आणि तुम्ही काठावर, छत्री घेऊन. "शिस्तीत करा, शिस्तीत," एवढंच तुमचं योगदान. संध्याकाळी झरा मोकळा झाला. आईचे हात मनगटापर्यंत भाजले होते. पुढे कितीतरी दिवस तिला मी भरवत होते.

पंधरा ऑगस्टला तुम्ही फरशी बसवलीत. "गुरुजींच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थ बंधूंनी केलेला जीर्णोद्धार." ग्रामस्थ बंधू! मी उभी राहिले आणि म्हटलं, "गुरुजी, बंधू नव्हते. माझी आई होती." तुम्ही हसलात. ते हसू मी विसरलेली नाही. "खाली बस. चुलीपुढच्या गप्पांना इतिहास म्हणत नाहीत." सगळं गाव हसलं. मी मागे वळून बघितलं तर शेवटच्या ओळीत आई आपले हात पदराखाली घेत होती, चोरी पकडल्यासारखी. छडी मारली असतीत तर मी केव्हाच माफ केलं असतं.

आता पाहुण्यांना गावाचा इतिहास मी सांगते. दर रविवारी, त्याच काठावर. तांडे सांगते, धर्मशाळा सांगते, मग दरड आणि आई. कुणी विचारतं, "तेव्हा गावातले पुरुष कुठे होते?" मी म्हणते, "एक मास्तर छत्री घेऊन उभे होते." लोक खो खो हसतात. मी त्यांना पोटभर हसू देते. तुमचा मुलगा एकदा त्या घोळक्यात होता. मान खाली घालून निघून गेला, आणि मी गोष्ट थांबवली नाही.

हे सगळं आईसाठी, असं मी धरून चालले होते. तिला हात धरून कुंडावर नेलं आणि म्हटलं, "ठेव पाय. मास्तरांची फरशी आहे." तिने बघितलं, आणि त्या वयात, ओल्या पायरीवर, ती फरशी ओलांडून पलीकडे उतरली.

"अगो, पडशील!"

"पडूंदे. फरशीवरून मला गाळलंन तेव्हा कसं वाटलं, ते मला म्हायती हाय," ती म्हणाली. "त्येच तू दुसऱ्याचं करतेस. कुणासाठी गो? माझ्यासाठी नको करू."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. फरशी अजून उपडीच आहे, आणि गवंड्याला बोलावण्याचा माझा विचार नाही, हे स्पष्ट सांगते. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एवढं लिहून टाकते. सोमवारी कुंड रिकामं करून शेवाळ घासायचं काम आता माझं आहे. पायरी न् पायरी घासते. त्या फरशीपाशी आले की चपला वर काढून ठेवलेल्या असूनही मी पाय मागे घेते. गावोगावच्या बायकांनी तिच्यावर टाचा घासल्या, पण माझी टाच तिला अजून लागलेली नाही.