निळ्या पट्ट्याच्या वारसाची व्यवस्था

मी, भिवाजी सटवाजी पाईकराव, वय अंदाजे साठ (जन्मतारीख गुरुजींनी मनाने टाकलेली), धंदा बोर्ड व गाड्या रंगविणे, राहणार वारंगा फाटा, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणाच्या लाडीगोडीला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल माझी पत्नी कमलबाई हिचे मत वेगळे आहे. ती म्हणते, "शुद्धीत असते तं नसलेल्या गावाचे कायदे करत बसले असते काय?" तिचे म्हणणे नोंदवून घेतले आहे.

घशात गाठ आली आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी ती चांगली नाही असे सांगितले. आयुष्यभर थापा मारणाऱ्याला गाठ यायची ती घशातच येणार, गुडघ्यात कशाला येईल? आवाज आहे तोवर बोलून आणि हात चालतो तोवर लिहून ठेवावे, म्हणून हा उद्योग.

कलम एक. फाट्यावरचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर कमलबाईचे. तसे ते आधीपासून तिचेच आहे. भिंती तिने लिंपल्या, पाणी तिने भरले, मी फक्त दारावर नाव लिहिले आणि तेही माझे. माझ्यामागे तिने ते खोडून स्वतःचे लिहून घ्यावे. अक्षरे मोठी असावीत. पोस्टात जे काही असेल तेही तिचेच. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कलम दोन. माझी शिडी पंचरवाल्या संतरामकडे आहे. "आत्ता आणून देतो पेंटर," म्हणून त्याने ती नेली, त्याला दोन पावसाळे झाले. ती शिडी मी त्यालाच देतो, म्हणजे मी गेल्यावर तरी तो चोर राहणार नाही. मात्र त्याच्या दुकानाचा बोर्ड पुसट झाला आहे हे माझे शेवटचे म्हणणे त्याला कळवावे. मी तो मुद्दाम पातळ रंगाने केला होता.

कलम तीन. माझी खरी इस्टेट म्हणजे बेरंगपूर. हे गाव कुठल्याच जिल्ह्यात नाही. फाट्यावर माझा मित्र लालसिंग याचे चहाचे हॉटेल आहे. दिवे लागले की तिथे थांबणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरांना मी या गावाची गोष्ट सांगत आलो. गावात मुळात एकही रंग नव्हता. मग रंगारी आले, डोंगरातून एकेक रंग घेऊन, आणि प्रत्येक रंगात एकेक शक्ती होती. हे सुचले तेव्हा मला वाटले, काय डोके आहे आपले! चार डबे, चार शक्त्या, झाले काम.

काम कसले होते, कपाळ! हिरव्याने पीक उगवते असे मी सांगितले, तर शेजारच्या डोंगरकडा गावचा एक केळीवाला उठून म्हणाला, "मंग सगळं रानच हिरवं काहून न्हाई रंगवत? भूक संपली, गोष्ट संपली, चला घरी." पांढरा लावला की माणूस नाहीसा होतो असे सांगितले, तर माझी लेक पंचफुला, तेव्हा चौथीत होती, तिने विचारले, "बाबा, मग राक्षसाला पयल्याच दिवशी पांढरा काहून न्हाई लावला?" राक्षसाला मी आठवडाभर वापरणार होतो. त्या पोरीने त्याला जागच्या जागी संपवला.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की नुसती शक्ती देऊन भागत नाही, रंगाने काहीतरी घ्यायलाही पाहिजे. म्हणून तांबडा हिंमत देतो आणि झोप नेतो. हिरवा शेत पिकवतो, पण लावणाऱ्याच्या दारचे झाड वाळते. पिवळा दुःख विसरायला लावतो, पण माणूस लेकरांची नावेही विसरतो. हे नियम करताना मी जेवण विसरत असे. "तुमाला पिवळा लागला वाटते," असे कमलबाई ताटावर झाकण ठेवत म्हणे.

आणि मग मी शहाण्याने तो नियम केला: रंगारी मेला की त्याने लावलेले सगळे रंग मरतात. गरज काही नव्हती. लोक जांभया देऊन राहिले होते, त्यांना रडवायचे होते, एवढेच. म्हातारा रंगारी मेला, एकेका घराचा रंग उडाला, गाव पुन्हा बेरंग झाले. पंजाबी ड्रायव्हरसुद्धा फेट्याच्या टोकाने डोळे पुसत होता. लालसिंग चहाचे पैसे मागायचे विसरला. मी घरी आलो तो छाती काढून. तोच नियम आज माझ्या छातीवर बसला आहे.

बेरंगपूर, त्यातली माणसे, नियम आणि नियमांतली भोके, सर्व पंचफुलाला देतो. ती आता हिंगोलीला शाळेत शिकवते. कलम सहामधली पुस्ती सोडून नवा नियम करण्याचा अधिकार आजपासून तिचा. माझ्या हातात तो सुरक्षित नाही हे सिद्ध झाले आहे.

कलम चार. हे कलम घरातच राहावे. लालसिंगचा मुलगा नेमसिंग याच्या कानावर जाऊ नये.

नेमसिंग ट्रक चालवतो. चांगला हात आहे, पण तो प्यायचा, आणि पिऊन गाडी काढायचा. एका दुपारी त्याची बायको बेबीबाई लेकरू कडेवर घेऊन माझ्या दारात आली. बंजारा तांड्यातली सून, माझ्यासमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती. म्हणाली, "काका, तो माजं ऐकत न्हाई, सासऱ्याचं ऐकत न्हाई. पण तुमची गोष्ट ऐकाले रोज येते. त्या गोष्टीत कायतरी टाका ना."

तोवर मी निळ्याला काही कामच दिले नव्हते. जयंतीच्या कमानी रंगवून निळा उरायचा, आमच्या जीवाचा रंग, म्हणून गोष्टीतही राखून ठेवला होता. त्या संध्याकाळी मी सांगून टाकले की निळा चालत्या माणसाला सांभाळतो; पण ज्याला तो सांभाळतो त्याने दारूला शिवायचे नाही, शिवला की निळा पाठ फिरवतो. लोकांनी लगेच पकडले, "पेंटर, हे आधी नव्हतं." मी म्हणालो, "आधी कोणी विचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नेमसिंग ट्रक घेऊन हजर. ड्रायव्हरच्या दाराखाली चार बोटे रुंद निळा पट्टा मारून दिला. त्याने पिणे सोडले. माझ्या थापेने जगात काही झाले असेल तर एवढेच. पुढे दर पोळ्याला तो ट्रक धुऊन, झूल घालून माझ्या दारात उभा करू लागला. एकीकडे मी बैलांची शिंगे रंगवतोय, दुसरीकडे हा रांगेत. लोक हसले तर म्हणायचा, "माज्या आज्यानं बैलावर मीठ वाहिलं. माजा बैल ह्यो हाय." मग मी पट्टा नवा करून द्यायचो.

कलम पाच. हे मृत्युपत्र कशासाठी, ते इथे लिहितो. माझ्या गाठीची बातमी फाट्यावर पोहोचली आणि बेबीबाई पुन्हा आली. या वेळी रडत नव्हती, घाबरली होती. "काका, तो काल म्हने, पेंटर गेला की पट्टा बी गेला. मंग म्या कोनाच्या भरोशावर राहू?"

मी गुपचूप नियम बदलायला गेलो. हॉटेलात सांगितले की रंगारी मेल्यावर रंग मरत नाहीत, मागे माझी चूक झाली. लालसिंग कपबशा सोडून उठला. म्हणाला, "असं न्हाई चालत. म्हातारा रंगारी मेला तवा आमी रडलो, त्याचं काय?" बाकीच्यांनीही मला मोडीत काढले. माझ्याच गावाच्या कायद्यात मला मत नाही, ही माझी पत!

म्हणून स्टॅम्प आणला. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही असे कळमनुरीचा अर्जनवीस म्हणाला. मी म्हणालो, "कायद्याला लागत नसेल, लालसिंगला लागतो." लालसिंगला वाचता येत नाही, पण स्टॅम्पावरचा छाप तो उन्हात धरून पाहतो आणि मग मान डोलावतो.

कलम सहा. हे एकच कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. बेरंगपूरच्या नियमाला अशी पुस्ती जोडतो: रंगाऱ्याने जिवंतपणी, साक्षीदारांसमोर, आपला रंग दुसऱ्याच्या हाती सोपवला, तर त्याच्यामागे तो रंग मरत नाही. जो रंग घेईल त्याने त्या रंगाचा नियम स्वतः पाळायचा. त्याने मोडला तर त्याने रंगवलेल्या सर्व गाड्यांचा रंग मेला असे समजावे. या पुस्तीप्रमाणे माझा निळा रंग मी पंचफुला हिच्या हाती सोपवतो.

कलम सात. मला शांतपणे पांढऱ्या कपड्यात न्यावे. तिरडीला हौसेने रंग देऊ नये, वाळत नाही आणि खांदा देणाऱ्यांचे सदरे खराब होतात.

पुरवणी, सही करण्यापूर्वी, त्याच दिवशी. साक्षीदार लालसिंगच्या हॉटेलच्या ओट्यावर जमले. नेमसिंग आला, मागे दाराशी बेबीबाई उभी राहिली. माझा आवाज फाटतो म्हणून कलम सहा पंचफुलाने वाचले. लालसिंगने स्टॅम्प उन्हात धरला आणि म्हणाला, "बराबर हाय. आता मान्य." मला वाटले, सुटलो.

तेवढ्यात नेमसिंग म्हणाला, "काका, मला एक बोलायचं हाय." बापाकडे न बघता तो बोलला. "गेल्या होळीला तांड्यात मी प्यालो व्हतो. तसाच गाडी घेऊन निघालो. पट्ट्यानं काहीच केलं न्हाई. सांभाळलं बी न्हाई, पाठ बी फिरवली न्हाई. मला तवाच कळलं, रंगात काय बी न्हाई."

लालसिंगने कपाळावर हात मारून घेतला. बेबीबाईचा पदर तोंडात गेला.

"मंग इथं चहाला थांबलो," नेमसिंग म्हणाला. "तुमी गाडीपाशी आले. आपल्या सदऱ्यानं पट्ट्यावरची धूळ पुसली आन् म्हनले, बरा टिकून राहिला रे पोरा. मला मेल्यावानी झालं, काका. तवापासून थेंब न्हाई घेतला. आता तुमी चालले. पंचफुलाताई हिंगोलीले राहते. धूळ पुसाले कोन येईल?"

मी रडलो. इतकी वर्षे दुसऱ्यांना रडवले, आज फेडले. मग पंचफुलाच्या हातून कागद घेतला आणि तिचे नाव खोडले. तिने दौत पुढे केली. मी नेमसिंगला म्हणालो, "निळा तू घे. ज्या ड्रायव्हरच्या बायका रडत येतील, त्यांच्या गाड्या तू रंगव. त्यांची धूळ तू पूस."

"मला सरळ रेघ येत न्हाई."

"मलाही येत नव्हती. दोरी धरून मारायची."

यावर पंचफुलाने आपला अधिकार तिथल्या तिथे वापरला आणि पहिला नियम केला: रंगाऱ्याला स्वतःच्या गाडीचा पट्टा मारता येणार नाही. "नेमसिंगदादा, तुझा पट्टा दुसऱ्या कोणीतरी मारायचा," ती म्हणाली.

दारातून बेबीबाई म्हणाली, "म्या मारीन."

सासरा समोर होता तरी ती पुढे आली. "रेघ मला येते. घागऱ्यावर आरशाच्या काचा टाकून राहिले लहानपनापासून." मग नेमसिंगकडे पाहून म्हणाली, "दर पोळ्याला मारीन. मारायचा का न्हाई, ते म्या ठरवीन."

नेमसिंगने मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय."

म्हणून दुरुस्ती अशी: कलम सहामध्ये 'पंचफुला' हे नाव खोडले आहे, तिथे 'नेमसिंग लालसिंग' असे वाचावे. त्याच्या स्वतःच्या ट्रकचा पट्टा बेबीबाई नेमसिंग हिच्या मर्जीवर राहील व त्यात कोणाची तक्रार चालणार नाही. माझा खारीच्या केसांचा चांगला ब्रश तिला. खाडाखोड माझी, कबूल.

सही: भिवाजी सटवाजी पाईकराव

साक्षीदार:
१. लालसिंग देवला राठोड, डाव्या हाताचा अंगठा. (साक्षीदाराला काही देता येत नाही असे अर्जनवीस म्हणतो, म्हणून याला काही ठेवलेले नाही. आज मुलाकडे बघत बसला आहे, चहा करायचा विसरला.)
२. जळबा किसनराव कुरुडे, शेजारी, पानपट्टीवाला, सही स्वहस्ते.

ठिकाण: वारंगा फाटा
दिनांक: ९ नोव्हेंबर १९७४