माडी, मास्तर आणि ‘टेक’

मी, झुंबरबाई, कै. आसाराम यांची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, धंदा खाणावळ, राहणार जालना, आपल्या खुशीने हे मृत्युपत्र सांगते आणि अर्जनवीस पन्नालाल ते लिहून घेतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत असे पन्नालाल म्हणतो. मला अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक कलम मोठ्याने वाचून घेतले. दोन ठिकाणी त्याने माझे बोलणे परस्पर सभ्य केले होते. ते पुन्हा मी म्हणाले तसे लिहवले आहे.

कलम १. खाली दोन खोल्या व वर माडी असे माझे घर मी खाणावळीच्या कमाईतून सुगनचंद शेटजींकडून माझ्या नावे खरेदी केले. त्यात नवऱ्याचा किंवा सासरचा हात नाही. सासरच्यांचा हात फक्त ताटात होता.

कलम २. पितळेची भांडी, जाते आणि मोठी परात सुनेला द्यावी. परात आपल्या माहेरची आहे असे ती आल्यागेल्याला सांगते. ती तिच्या माहेरची नाही. तरी तिलाच द्यावी.

कलम ३. माझ्या दिराचा मुलगा बद्रीनाथ, यास सगळे मास्तर म्हणतात. निजामाचे राज्य गेले, कचेऱ्यांत उर्दू मागे पडली आणि जो तो इंग्रजीच्या मागे लागला, तेव्हा हा माझ्या माडीवर इंग्रजीचा क्लास घेऊन बसला. भाडे नाही, वर दोन वेळचे जेवण. माडीच्या कोपऱ्यात तो पानाच्या पिचकाऱ्या मारतो. थुंकी लावून पुस्तकाचे पान उलटतो आणि त्याच बोटाने चटणी वाढून घेतो. मला त्याची शिसारी येते. हे पन्नालाल लिहायला तयार नव्हता. “बाई, हे वारसांच्या कामाचं न्हाई,” म्हणाला. मी म्हणाले, “चटणी वारसांनी बी खाल्ली हाय. लिही.”

या सगळ्याहून जास्त किळस मला त्याच्या शिकवण्याची आहे. पोरांकडून तो रोज संध्याकाळी एकच घोकून घेई: ‘टेक म्हणजे घेणे, गिव्ह म्हणजे देणे.’ सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे आणि मास्तरने डोळे मिटून पाय हलवायचा. कुणी मधेच काही विचारले की पट्टी. माझी नात साळू, माझा मुलगा कारभारी याची मुलगी, मॅट्रिकला बसायची होती. तिच्या बोटांवर पट्टीचे वळ मी स्वतः पाहिले आहेत.

पेपरात मराठी वाक्ये इंग्रजीत करायला आली: ‘त्याने फोटो काढला’, ‘पोचायला वेळ लागला’, ‘मी परीक्षा दिली’. घेणे कुठेच नव्हते, म्हणून साळूने टेक कुठेच लिहिले नाही. परीक्षा दिली याचे तिने गिव्ह केले. पोरगी इंग्रजीत नापास झाली.

शेजारच्या खुर्शीदआपा हैदराबादेत मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांचे मालक वारल्यावर इकडे माहेरी आल्या. त्यांनी साळूला पेपर विचारला आणि कपाळाला हात लावला. “झुंबरखाला, इन तीनों में टेकच आता. ये मास्तर क्या सिखा रै?” मग माझ्या चुलीपाशी बसून त्यांनी तिला शिकवले. मुलगी गाडीने औरंगाबादला गेली, टेक. औषध प्याली, टेक. चप्पल काढली, तरी टेक, पण त्याला पुढे एका शब्दाचे शेपूट. नात आजीच्या वळणावर गेली, तिथेही टेक आणि दुसरे शेपूट. मी म्हणाले, “हे शेवटचं पेपरात येऊ नये. पोरीचं नुकसान व्हईल.”

खाणावळीत नवी स्वयंपाकीण ठेवताना मी तिला ज्वारीचे पीठ देते. भाकरी सगळ्याच थापतात. त्याच पिठाचे धपाटे, आंबील, उकड जमते का ते पाहते आणि मगच ठेवते. तसे मी मास्तरला विचारले, “बद्री, तुझ्या टेकचं घेण्याशिवाय काय काय व्हतं?” तो म्हणाला, “काकू, तुम्हाला अक्षर येत न्हाई, तुम्ही भाजीकडं बघा.” आणि कारभारीला सांगितले की पोरीला डोके नाही, वाटूरचा दुकानदार बिजवर लग्नाला तयार आहे, उरकून टाका. तो बिजवर मास्तरचा मेहुणा लागतो.

कलम ४. बद्रीनाथचा माडीवर हक्क बिलकुल नाही. जेवण मात्र बंद करू नये. चटणी त्याला वेगळ्या वाटीत द्यावी.

कलम ५. माडी धुऊन, चुना मारून खुर्शीदआपांना मुली शिकवण्यासाठी द्यावी. त्या शिकवतील तोवर त्यांना कुणी उठवू नये.

कलम ६. बाकीचे घर कारभारीला, परंतु साळू मॅट्रिकच्या परीक्षेला पुन्हा बसली तरच. त्याआधी त्याने तिचे लग्न लावले तर सगळे घर साळूचे. मी जिवंत असले तर मी बघेन, नसले तर हा कागद बघेल.

कारभारीला समोर बसवून हे वाचून दाखवले. तो म्हणाला, “आई, वाटूरवाल्यांना मी जबान देऊन बसलोय. आता त्यांना काय तोंड दाखवू?”

“तुझंच दाखव. पोरीला कशाला नेतो दाखवायला?”

“मास्तर नाराज व्हतील.”

“जेवायच्या वक्ताला बराबर येतील.”

मग त्याने साळूला हाक मारली आणि विचारले, “परीक्षेचा फारम कवा भरायचाय?” तिने तारीख सांगितली. तिच्याकडे न बघता तो पन्नालालला म्हणाला, “माझी सही कुठं पायजे?”

ठिकाण: जालना, जिल्हा औरंगाबाद, मुंबई राज्य
दिनांक: ९ नोव्हेंबर १९५८

झुंबरबाई यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी
ऐकून कबूल: कारभारी आसाराम
साक्षीदार: गयासोद्दीन (घड्याळवाले), काकासाहेब (पोस्टमन)
लिहिणार: पन्नालाल, अर्जनवीस