अब्बांचं गाठोडं

आमली, सिल्वासा
९ मार्च १९९१

शर्फूभाईंना जैतूनचा सलाम. वि. वि.

काल जुम्म्याला अब्बांनी जमातीच्या माणसांसमोर ही जमीन, घरासकट, मला हिबा म्हणून, म्हणजे बक्षीस, दिली. म्हणाले, कासम माझ्याआधी गेला. शरियतप्रमाणे आता त्याच्या पोरांना वारसा नाही, सगळं शर्फूला जाईल. सरकारनं मला दिलं ते नुसतं माळरान होतं, दगड फोडले माझ्या कासमनं. म्हणून जितेपणीच सुनेला देतो.

पण हट्ट बघा त्यांचा! देणाऱ्यानं ताबा सोडायला हवा म्हणे, म्हणून गाठोडं बांधून खानवेलला झुंबरकाकांकडे निघाले. मी पायच धरले. सासऱ्याला घराबाहेर काढलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं पोट फार सुटलंय म्हणे. या, घावन खा, आणखी सुटू द्या.

पोरांवर लोभ ठेवा.
तुमची धाकटी भावजय,
जैतून

भिवंडी
१४ मार्च १९९१

जैतूनला अ. आ., पोरांना दुवा.

पत्र दोनदा वाचलं. अब्बांचा शब्द माझ्या डोक्यावर. त्यांना अडवलंस, फार चांगलं केलंस. उंबरा ओलांडू देऊ नकोस. बैल त्यांनीच हाकावेत, शेतसारा त्यांनीच भरावा; हात चालता असला की म्हातारा माणूस जगतो. स्वेटर पाठवतोय. हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

लोभ आहेच, वाढवावा.
शर्फुद्दीन

भिवंडी
१८ फेब्रुवारी १९९३

जैतूनला अ. आ.

अब्बांचा चाळिसावा नेटका केलास, मटण तेवढं खारट होतं. आता कामाचं. मौलानांना विचारलं, वकिलालाही विचारलं. ताबा सुटला नाही तर हिबा झालाच नाही. अब्बा मरेपर्यंत त्याच घरात, त्याच बैलांमागे होते, हे सारी आमली सांगेल. कासमनं दगड फोडले हे खरं, पण सरकारी सनद अब्बांच्या नावची.

जमीन घेणारे कारखानेवाले ईदनंतर मोजणीला येतील. त्याआधी घर रिकामं कर. मी काही कसाई नाही. माझ्याकडे स्वैपाकाला बाई हवीच आहे, पोरांसकट ये. स्वेटर आठवणीनं आण.

लोभ आहेच.
शर्फुद्दीन

आमली
१ मार्च १९९३

शर्फूभाईंना सलाम. वि. वि.

तुमचं ते पत्र मी अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, बेटी, शर्फूचं ऐकू नको, मला जाऊ दे. मी चिडले. पोटच्या पोरावर संशय घेता, लाज नाही वाटत, असं बोलले मी त्यांना! गाठोडं पेटीत घालून कुलूप लावलं. त्यानंतर ते माझ्याशी धड बोललेच नाहीत. बैल मात्र हाकत राहिले.

झुंबरकाका म्हणतात कोर्टात जा. कुणाच्या जिवावर जाऊ? रविवारच्या गाडीनं पोरांना घेऊन येते. स्वेटर आणते. अब्बांनी त्याची घडीसुद्धा मोडली नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नव्हता. पण पोरं आता तुमच्याच घरचं खाणार. म्हणून लिहिते, लोभ असावा.

जैतून